विगिन यांच्या टाकीतलं गरम पाणी

ही गोष्ट खरी आहे.

आमच्या धंद्यात खोटं बोलून काही मिळत नाही. झाकण उघडलं की आत काय आहे ते सगळ्यांना दिसतंच. त्यामुळे मी जे पाहिलं, ऐकलं, तेवढंच सांगते. त्याचा अर्थ मला विचारू नका. मलाच लागलेला नाही.

भुताच्या गोष्टी रात्री घडतात म्हणे. ही भर दिवसा घडली. नोव्हेंबरातली सकाळ, लख्ख ऊन, आणि अमेरिकेत, न्यू हॅम्पशायरमधलं एक साधं पांढरं घर. मँचेस्टर शहर संपतं, झाडी सुरू होते आणि घरं लांब लांब होत जातात, तिथलं.

मी जिनेट कोटे. माझा भाऊ रोलो आणि मी, आम्ही सेप्टिक टँक उपसतो. या भागात शहराची गटारं नाहीत. प्रत्येक घराच्या अंगणात जमिनीखाली एक टाकी असते. संडासाचं, आंघोळीचं, भांड्यांचं, सगळं पाणी त्या टाकीत जातं. काही वर्षांनी टाकी भरली की लोक आम्हाला फोन करतात. गाडी आमच्या वडिलांची. तिच्या मागे त्यांनी मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलंय, 'तुमचं झालं की आमचं सुरू.' शाळेत असताना मला त्या गाडीतून उतरायची भयंकर लाज वाटायची. आता तीच गाडी मी आणि रोलो चालवतो.

तर त्या सकाळी एल्डन विगिन यांचा फोन आला. ऐंशीच्या पुढचे गृहस्थ. बायको बेव्हर्ली आदल्या वर्षी गेली होती. म्हणाले, "खालच्या संडासात पाणी उलटं येतंय. गुडगुड आवाज येतो. येऊन बघता का?"

मला जरा नवल वाटलं. त्यांची टाकी आम्हीच उपसली होती, बेव्हर्ली आजारी असताना. एकट्या माणसाला ती पाच-सहा वर्षं सहज पुरायला हवी.

आम्ही गेलो. रोलोने माती बाजूला केली, पहार घालून झाकण उचललं आणि शीळ घातली.

टाकी काठोकाठ भरलेली होती.

"मिस्टर विगिन," रोलो म्हणाला, "घरात कोण कोण राहतं हो?"

"मी एकटाच."

"एकट्याने एवढं? काय खाता काय तुम्ही? आम्हालाही सांगा."

म्हातारा हसला नाही. कोटाच्या खिशात हात घालून नुसता टाकीकडे बघत उभा राहिला. सहसा लोक असे उभे राहत नाहीत. झाकण उघडलं की नाक धरून घरात पळतात.

आम्ही नळी सोडली. गाडीचा पंप घरघरायला लागला. वरची साय, मधलं पाणी, खालचा गाळ, सगळं ओढून घेतलं. टाकी रिकामी झाली, घराकडून येणाऱ्या पाइपाचं तोंड उघडं पडलं, आणि मी पंप बंद केला.

एकदम शांत झालं.

कुठे पक्षी नाही. रस्त्यावर गाडी नाही.

आणि मग... पाइपात आवाज आला.

लांबून येणारा. आधी थेंब थेंब, मग धार. वरच्या मजल्यावर कोणीतरी टबाचं बूच काढावं तसा.

पाणी टाकीत पडायला लागलं. बाहेर इतकी थंडी होती की आमच्या तोंडातून वाफ निघत होती.

त्या पाण्यातूनही वाफ निघत होती.

मी वाकले. तीस वर्षं या धंद्यात काढल्यावर घाणीचे सगळे वास ओळखता येतात. हा घाणीचा नव्हता. साबणाचा होता. लव्हेंडरचा.

"अहो, वर नळ चालू राहिलाय तुमचा," रोलो म्हणाला. "बंद करून या आधी."

"वरच्या बाथरूमचं पाणी मी तोडून घेतलंय," मिस्टर विगिन म्हणाले. "बेव गेल्यानंतर लगेच. प्लंबर येऊन बंद करून गेला. मला आता जिना चढवत नाही."

रोलोने माझ्याकडे पाहिलं.

धार थांबली. आणि त्या पाइपातून, अगदी हळू... गुणगुणणं ऐकू आलं.

बाईचा आवाज. शब्द नव्हते. आंघोळ झाल्यावर केस पुसताना एखादी बाई गुणगुणते, तसं.

माझ्या हातातली नळी सुटली.

मिस्टर विगिन यांनी माझा दंड धरला. त्यांचे डोळे भरून आले होते, पण चेहरा मात्र हसरा. "तूही ऐकलंस ना? खरं सांग, जिनेट. ऐकलंस ना?"

"ऐकलं," मी म्हणाले.

"म्हणजे मी वेडा नाही."

"हवा असते हो पाइपात," रोलो घाईघाईने म्हणाला. "टाकी रिकामी झाली की हवा खेळते. आवाज होतात."

"हवेला लव्हेंडरचा वास येतो का रे?" मी विचारलं.

त्याने नळी गुंडाळली. झाकण बसवून गाडीत जाऊन बसला.

म्हाताऱ्याने मग मला सगळं सांगितलं. रोज सकाळी न्याहारीनंतर हे होतं. वर पाणी वाजतं. कोणीतरी आंघोळ करतं. त्यांनी मुलीला, मेरेडिथला, फोनवर सांगितलं, तर तिने डॉक्टर गाठला. ती मॅसॅच्युसेट्समध्ये राहते. तिच्या घराजवळ वृद्धांसाठी एक निवास आहे, तिथे त्यांना हलवायचं तिने ठरवलं होतं. शनिवारी न्यायलाच येणार होती.

"तू फक्त ये आणि तिला सांग," ते म्हणाले. "तू ऐकलंस एवढंच सांग. माझं घर जाईल गं, पोरी. आणि बेवही."

परतताना रोलो सारखा बडबडत होता. "आपलं काम मैला उपसायचं, जिनेट. लोकांच्या बायका उपसायचं नाही."

"तू येऊ नकोस. मी एकटी जाईन."

"झाकण तुझा नवरा उचलणार आहे का?"

"मला नवरा नाही."

"तेच म्हणतोय. येतो मी."

शनिवारी गेलो तेव्हा मेरेडिथ अंगणातच उभी होती. पन्नाशीची बाई, डोळ्यांखाली काळं, हातात कॉफीचा मोठा कप. रात्रभर झोपली नसावी.

"तुम्हीच का त्या?" तिने मला विचारलं. "राग मानू नका, पण तुम्ही फार वाईट केलंत. कसाबसा तयार झाला होता तो यायला. आता म्हणतो, गटारवाल्या बाईनेही ऐकलंय."

"मी खोटं बोलले नाही."

"माझी आई माझ्या हातांत गेली. शेवटचे तीन महिने तिला आंघोळ मी घालत होते. तुम्हाला कळतंय का, हे सगळं ऐकून मला काय वाटत असेल?"



मिस्टर विगिन म्हणाले, "मेरेडिथ, भांडू नकोस. आता वेळ होतच आलीय. उभी राहा नुसती."

रोलोने झाकण उचललं.

आम्ही चौघं त्या भोकाभोवती उभे राहिलो. वाट बघत राहिलो. ऊन अंगणात सरकत होतं. मेरेडिथची कॉफी गार झाली.

काहीच नाही.

"पुरे झालं, डॅड," ती शेवटी म्हणाली. आवाज मऊ होता. "चल. बॅग भरू."

तिने पाठ फिरवली...

आणि पाइपात थेंब वाजला.

मग दुसरा. मग धार. वाफ वर आली. तो वास आला.

मेरेडिथ जागच्या जागी थिजली. मग परत फिरली आणि सरळ गवतात गुडघ्यांवर बसली. टाकीच्या तोंडाशी कान नेला. गुणगुणणं सुरू झालं होतं.

"ऐकलंस?" मिस्टर विगिन म्हणाले. "ऐकलंस ना तुझ्या आईला?"

मेरेडिथ डोळे मिटून ऐकत होती.

अचानक गुणगुणणं थांबलं.

पाइपातून शब्द आले. अगदी स्पष्ट. शेजारच्या खोलीतून कोणी बोलावं तसे.

"वारा येतोय, एल्डन. झाकण लाव."

"हो हो, लावतो," मिस्टर विगिन म्हणाले. सवयीने. रोजचंच असल्यासारखं.

रोलोच्या हातातली पहार खाली पडली.

मेरेडिथ उठली. तिचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. ओठ पांढरे पडले होते.

"ही आई नाही," ती म्हणाली.

"मेरेडिथ..."

"डॅड, ही आई नाही! आईचा आवाज मला कळणार नाही का? कोण आहे ही? घरात कोण आहे?"

आणि ती धावत सुटली. मी तिच्यामागे. स्वयंपाकघरातून, जिन्यावरून, वर. बाथरूमचं दार बंद होतं. तिने दोन्ही हातांनी ढकलून ते उघडलं.

आत कोणी नव्हतं.

टब कोरडा. तळाशी धुळीचा थर, त्यात मेलेली एक माशी. मेरेडिथने नळ फिरवला. नळ नुसता फिरला. पाण्याचा टिपूस नाही. आरशावर धूळ, टॉवेल टांगायच्या दांडीवर धूळ. त्या खोलीत महिनोन् महिने कोणी पाऊल टाकलं नव्हतं.

साबणाचा वासही नव्हता.

आम्ही खाली आलो तेव्हा मिस्टर विगिन स्वयंपाकघरात बसले होते. बाहेर रोलो झाकण बसवत होता, त्याचा आवाज येत होता.

मेरेडिथ त्यांच्यासमोर बसली.  "डॅड, आत्ताच्या आत्ता निघायचं. बॅग राहू दे. नुसता कोट घाल."

"मी येत नाही."

"तुला कळतंय का? ती आई नाहीये."

म्हाताऱ्याने टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा केले.

"माहीत आहे मला," ते म्हणाले.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"आधी वाटलं होतं, बेवच आहे. मग वसंतात एक दिवस तिने मला हाक मारली. एल्डन म्हणून. तुझी आई मला कधी एल्डन म्हणाली का? जन्मभर 'विग' म्हणत आली. तेव्हाच कळलं मला. तरी तुम्हाला बेवच म्हणून सांगत आलो."

"मग कोण आहे ती?"

"विचारलं नाही."

"का नाही विचारलंस?"

"विचारलं आणि गेली तर?"

मेरेडिथने तोंडावर हात दाबून धरला. मी दाराशी उभी होते, माझी हलायची हिंमत होत नव्हती. ते तिची समजूत काढत राहिले, लहान मुलीची काढतात तशी. "काही त्रास देत नाही गं ती. सकाळी पाणी वाजतं. दुपारी वर पावलं वाजतात. मी काही बोललो तर कधीकधी हं म्हणते. आई गेल्यावर हे घर कसं झालं होतं, तुला माहीत नाही. घड्याळाचा आवाज सहन होत नव्हता मला. काढून ठेवलं मी ते."

मेरेडिथ दोन दिवस राहिली. रडली, ओरडली, पाया पडायची बाकी राहिली. म्हातारा हलला नाही. पूर्ण शुद्धीत असलेल्या माणसाला उचलून कसं नेणार? शेवटी ती मला म्हणाली, "तुम्ही जवळ राहता. अधूनमधून डोकावाल का?"

मी डोकावत असे. नाताळात मांसाचं सारण भरून भाजलेली मीट-पाई करून नेली, आमच्या आजीच्या पद्धतीची. पण खरं सांगते, मी स्वयंपाकघराच्या ओट्यापाशीच उभी राहायची. वर पाऊल वाजलं की माझी गाडीची किल्ली हातात असायची. ते मात्र मजेत होते. दाढी केलेली, सदरा स्वच्छ. पूर्वीपेक्षा अंगाने भरले होते.

एकदा मी न राहवून विचारलं, "भीती नाही वाटत?"

ते म्हणाले, "वाटते ना. रोज वाटते. पण सोबत कोणी असताना वाटते. एकटेपणापेक्षा ते बरं."

फेब्रुवारीत बर्फाचं वादळ आलं. पाऊस पडत होता आणि पडता पडता गोठत होता. झाडांवर बर्फाची कवचं चढली, फांद्या तुटल्या, विजेच्या तारा तुटल्या. सगळा भाग अंधारात. रस्ते बंद. मेरेडिथचा मला फोन आला, "डॅड फोन उचलत नाहीये. मला इथून निघता येत नाही. काहीतरी करा."

रस्ता थोडा मोकळा होताच रोलो आणि मी निघालो. गाडीत करवत टाकली होती. आडवी पडलेली झाडं कापत, थांबत, पुन्हा पुढे जात दुपारी तिथे पोचलो.

चिमणीतून धूर नव्हता. अंगणातल्या बर्फावर एकही पाऊल नव्हतं.

दार उघडंच होतं. आत बाहेरच्यापेक्षा जास्त थंडी. स्वयंपाकघरात टेबलावर पाण्याचा पेला होता. पाणी गोठून पेल्याला तडा गेला होता. बेसिनखालचा पाइप फुटून तिथे बर्फाची दाढी लोंबत होती. घरात वाहतं पाणी असणं शक्यच नव्हतं.

"मिस्टर विगिन?" रोलोने हाक मारली.

उत्तर नाही.

ते पुढच्या खोलीत होते. खिडकीजवळच्या खुर्चीत. डोळे मिटलेले, हात मांडीवर. मी जवळ जायच्या आधीच मला कळलं.

रोलोने टोपी काढली.

मी त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि तेव्हा मला दिसलं.

त्यांचे केस नीट विंचरलेले होते. भांग पाडलेला. दाढी ताजी केलेली, गाल गुळगुळीत. नखं कापलेली. धुतलेला, इस्त्रीचा सदरा, वरच्या बटणापर्यंत लावलेला.

आणि वास... तोच वास.

"स्वतःच तयार होऊन बसले असतील," रोलो कुजबुजला. "जायच्या आधी."

मीही तेच म्हणणार होते. पण त्यांच्या कानामागे काहीतरी पांढरं दिसलं. मी बोट लावलं.

साबणाचा फेस होता.

ओला.

टेबलावरचं पाणी दगड झालं होतं, माझ्या भुवयांवर श्वासाची वाफ गोठली होती, आणि तो फेस ओला होता.

गरम होता.

रोलोने माझ्या बोटाकडे पाहिलं. मग छताकडे पाहिलं. वर काहीच वाजत नव्हतं. पण वर कोणीतरी अजिबात न हलता उभं आहे, असं आम्हा दोघांनाही वाटलं. नंतर गाडीत आम्ही एकमेकांना हे बोलून दाखवलं.

आम्ही पोलिसांची वाट अंगणात, थंडीत उभं राहून बघितली.

डॉक्टर म्हणाले, वादळ सुरू झालं त्याच दिवशी हृदय बंद पडलं. म्हणजे आम्ही पोचायच्या किती तरी आधी. फेसाचं मी त्यांना सांगितलं नाही. बोटाला लागलेला तो फेस मी पँटला पुसला होता. ती पँट नंतर मी जाळली.

मेरेडिथला मात्र फोन करून सांगितलं. तिचा हक्क होता. 

"त्याला त्रास झाला नसेल ना?" तिने विचारलं.

"चेहऱ्यावरून तरी वाटलं नाही."

"आईला मी अशीच तयार केली होती," ती म्हणाली. "ती गेल्यानंतर. त्या खोलीत मी एकटीच होते." मग म्हणाली, "त्या बाईने बघितलं असेल का ते? तेव्हाच ती घरात होती का?"



तिने घर विकलं नाही. दुसऱ्या कोणाच्या गळ्यात ते मारायची तिची तयारी नव्हती. उन्हाळ्यात तिने ते पाडून टाकलं. टाकीचं काम आम्ही केलं. शेवटची उपसली, तळ फोडला, घराकडचा पाइप कापला आणि वरपर्यंत वाळू भरली. वर माती घातली, गवत पेरलं. काम चालू असताना कसलाही आवाज आला नाही. रोलो तर खुशीत होता. "सुटली बिचारी, जी कोण होती ती," म्हणाला.

गेल्या जानेवारीत आम्ही त्या रस्त्याने दुसऱ्या कामाला निघालो होतो. सकाळची वेळ. रात्रभर बर्फ पडला होता, सगळं पांढरंशुभ्र.

लोकांना माहीत नसतं, पण हिवाळ्यात टाकी शोधायची एक सोपी खूण आहे. घरात माणसं राहत असली की गरम पाणी खाली जात राहतं, आणि टाकीवरच्या जमिनीवर बर्फ टिकत नाही. वितळून जातो.

विगिन यांच्या मोकळ्या जागेपाशी रोलोने गाडी हळू केली. मग थांबवली.

घर नाही. पाइप नाही. वीज नाही, पाणी नाही. सगळीकडे गुडघाभर बर्फ.

आणि मधोमध एक चौकोन हिरवागार. ओला. त्यातून हळूहळू वाफ निघत होती.

आम्ही दोघं बघत राहिलो. उतरलं कोणीच नाही.

"वाळू आपणच भरली होती ना?" रोलोने विचारलं.

"आपणच."

त्याने गाडी सुरू केली. थोडं पुढे गेल्यावर म्हणाला, "जिनेट, चौकोन केवढा होता, पाहिलास?"

पाहिला होता. आम्ही भरलेल्या टाकीपेक्षा तो मोठा होता. आणि त्याची एक कड शेजारच्या घराच्या दिशेने बरीच पुढे सरकली होती.

त्या घरात एक तरुण जोडपं राहतं. बाई गरोदर आहे. माझी त्यांच्याशी ओळख नाही. गेले तीन महिने मी विचार करतेय, जाऊन त्यांना काय सांगू, आणि कसं सांगू.